काकू, एकदाचं जाहीर थँक्यू

काकू, तोंडावर आभार मानले की तुम्ही "चल, काहीतरीच तुझं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. सूनबाई वाचून दाखवेल, तिला मधेच थांबवू नका.

गोधड्या शिवून विकायच्या म्हटल्यावर घरात कुणी नाही म्हणालं नाही, पण हो पण कुणी म्हणालं नाही. इन्स्टावर फोटो टाकला की हार्ट भरपूर, ऑर्डर शून्य, आणि खाली हमखास एक कमेंट, "एवढी महाग? आमची आजी जुन्या साड्यांची फुकटात शिवायची." शिवायची हो, पण त्या आजीला कुणी विचारलं का किती दुपारी गेल्या त्यात! आता मी असं ठसक्यात बोलतेय, तेव्हा मात्र ती कमेंट डोक्यात बसायची आणि मी रात्री पानिपतच्या ब्लँकेटचे आणि जयपुरी रजयांचे रेट बघत पडायचे, की आपण कोण, आपलं कोण घेणार, सरळ नोकरी बघावी वगैरे.

तुम्ही मला कधीच "होईल गं सगळं नीट" असं म्हणाला नाहीत, आणि त्याचंच मला सगळ्यात जास्त कौतुक आहे. मी रडगाणं सुरू केलं की तुम्ही म्हणायचात, "ते राहू दे, शिवण दाखव." आणि गोधडी हातात घेतली की आधी उलटी करायचात. वरची ठिगळं, रंग, ज्याचे मी एवढे फोटो काढायचे, त्याकडे बघायचंच नाही, पाठीमागचा धावदोरा बघायचा. थर आधी मोठ्या टाक्यांनी नीट टाचून घेतलेत की नाही, नाहीतर आतली साडी सरकून गोळा होते. नवीन सुती कापड आधी धुतलंय ना, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळी गोधडी चुरमडते. लाल कापड वेगळं भिजवून बघितलं का, रंग जातो का. एवढं तपासून होईपर्यंत माझं रडगाणं कुठल्या कुठे गेलेलं असायचं, आणि पुढे काय करायचंय ते हातात असायचं.

आणि तो हिशोब! कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही लिहायला लावलात. एका गोधडीला ६० तास धर, तासाला ५० रुपये लाव, नुसती मजुरीच ३,००० झाली, कापड-दोरा वेगळा. वर म्हणालात, "शेतावर जाणारी बाई तरी एवढ्यात येईल का?" त्या दिवसापासून मी भाव कमी केलेला नाही. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी बाळाची दुपटी, ही आयडियापण तुमचीच, आणि खरं सांगायचं तर पहिले पैसे दुपट्यांनीच दिले, बारशाला द्यायला लोक हौसेनं घेतात.

पण मला वाचवलं ते तुमच्या एका वाक्यानं. भर उन्हाळ्यात मी धंदा बंद करायला निघाले होते आणि तुम्ही हसलात. "मे महिन्यात गोधडी कोण घेतं गं? उन्हाळ्यात शिवायची, थंडीत विकायची." इतकं साधं! कापड वाळतं, शेतात काम कमी, म्हणून बायका उन्हाळ्यातच गोधड्या शिवायला बसायच्या, हे मला माहीत होतं की, पण स्वतःच्या धंद्याला ते लावून बघितलं नव्हतं. मी महिनोन्‌महिने स्वतःला नालायक समजत होते आणि सीझनच नव्हता.

कागदपत्रांची भीतीही तुमच्या सूनबाईनं घालवली. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी साइटवर फुकट होते, एजंटला पैसे द्यायची काही गरज नाही, आणि राज्यातल्या राज्यात माल विकायचा असेल तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही. नव्यानं सुरू करणाऱ्या मैत्रिणींनो, हे लिहून ठेवा.

शंका अजून येते काकू, नाही असं नाही. एखादा आठवडा फोन वाजला नाही की परत तेच. पण आता मी रेट बघत बसत नाही, अर्धी राहिलेली गोधडी उलटी करून टाके बघते.

भीमथडी जत्रेत स्टॉल मिळावा म्हणून प्रयत्न चाललाय. मिळाला तर डिसेंबरमध्ये पुण्याला यायचं, गुडघ्याचं कारण चालणार नाही, गाडी पाठवते. आणि गिऱ्हाइकानं घासाघीस केली की मी काहीच बोलणार नाही, तुमच्याकडे बोट दाखवणार.