अँटी, रेडिओवरच्या दुसऱ्या ठिपक्याबद्दल

रत्नागिरी, १८ मे २०२१

प्रिय अँटी,

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. तेच बरं. ज्यांनी ते वाचू नये, त्यांनाही येणार नाही. तुमचं नाव, गल्ली, मजला यातलं काहीच लिहीत नाही. म्यानमारच्या यांगूनमध्ये भाडेकरू ठेवणाऱ्या अँट्या हजारो असतील, त्यांत तुम्ही लपून जाल.

मी घरी पोचलो. वरच्या खोलीत क्वारंटाईन आहे. आई ताट जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवते, ‘ठेवलंय रे’ म्हणते आणि खाली जाते. परवा तौक्ते वादळ झालं. तेव्हा लाईट गेली ती अजून आलेली नाही, मोबाईलला रेंज नाही. अंधारात पडल्या पडल्या तुमचा तो रेडिओ आठवला आणि मग झोपच आली नाही.

१ फेब्रुवारीला सकाळी उठलो तर फोन मेलेला. जिन्यात तुम्ही भेटलात आणि एवढंच म्हणालात, “अमे सूला नेलं.” सू आई, म्हणजे आँग सान सू ची. लष्कराने सत्ता घेतली होती. देशाच्या सर्वोच्च नेत्याला कुणी आई म्हणून हाक मारतं हे मला तोवर थोडं गमतीचं वाटायचं. त्या दिवशी तुमचा चेहरा बघून गंमत संपली.

आमच्या हेड ऑफिसातून साहेबांचा मेल आला होता, ‘परिस्थितीवर आम्ही लक्ष ठेवून आहोत. घराबाहेर पडू नका. रोजचा रिपोर्ट वेळेवर पाठवा.’ पुढे रात्री एक ते सकाळी नऊ नेट बंद होऊ लागलं, १५ मार्चपासून मोबाईलचं गेलं आणि २ एप्रिलपासून माझ्या खोलीतलं वायफायही. साहेब अजूनही लक्ष ठेवून असावेत. ज्यांना ज्यांना फोन केले, त्या सगळ्यांनी मला दुसरा नंबर दिला. त्याहून जास्त काही सांगण्यासारखं त्यात नाही.

मोबाईलचं नेट गेलं त्या रात्री आठला सगळ्या वस्तीने भांडी बडवली, रोजच्यासारखी. आमच्याकडेही आदल्या वर्षी थाळ्या वाजवल्या होत्या, पण सरकारने सांगितलं म्हणून. तुमच्याकडे सरकार घालवायला वाजत होत्या. पातेलं खाली ठेवून तुम्ही वर आलात. हातात टॉवेलात गुंडाळलेला ट्रान्झिस्टर. मागचं झाकण तुटलेलं, सेल पडू नयेत म्हणून रबरबँड लावलेला. काचेवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता. तो बीबीसीच्या बर्मी बातम्यांचा, १९८९ पासूनचा, असं तुम्ही सांगितलंत. तेव्हा उशीखाली ठेवून ऐकायचात.

मला बर्मी येतं ते भाजीबाजारापुरतं. बातम्या ऐकून माझं तोंड तसंच कोरं राहिलेलं तुम्ही बघितलंत. मग जमिनीवर बसलात, चष्मा लावलात आणि बटण केसभर, केसभर फिरवत राहिलात. खरखर, चिनी गाणी, पुन्हा खरखर. जवळजवळ तासभर. तुम्हाला रेडिओवरचं भरभर इंग्रजी कळत नाही, तुम्ही फक्त ‘लंडन’ हा शब्द शोधत होतात. तो सापडल्यावर पदराच्या— नाही, तुमच्याकडे पदर कुठला— लुंजीच्या कनवटीतून नेलपॉलिशची बाटली काढलीत आणि काचेवर दुसरा ठिपका दिलात. माझा. वाळेपर्यंत फुंकर घालत बसलात. “आता हरवणार नाहीस,” म्हणालात.

अँटी, रेडिओ काय कुणीही दिला असता. पण तो दुसरा ठिपका!

त्यानंतर रोज संध्याकाळी तुम्ही वर यायचात, आधी तुमचा ठिपका, मग माझा. मधल्या वेळात तुम्ही सू आईबद्दल बोलायचात. ५४, युनिव्हर्सिटी अव्हेन्यू, इन्या तळ्याकाठचं ते घर. २० जुलै १९८९ ला दारं बंद झाली, नजरकैद. १९९० च्या निवडणुकीत तिच्या पक्षाला ३९२ जागा मिळाल्या आणि ती मात्र घरातच. लष्कराचं काही खायचं नाही म्हणून सामान विकायला काढलं, वजन उतरलं, केस गळले, अंथरुणातून उठवेना. पियानोच्या ताराही तुटल्या. तिलाही आधार रेडिओचाच, दिवसाला पाचसहा तास. त्यात फर्माईशी गाण्यांचा कार्यक्रमसुद्धा ऐकायची म्हणे! हे मला फार आवडलं. नोबेल मिळालेली बाई, फाटकावर सैनिक, आणि ती कुणा अनोळखी माणसाने कुणा अनोळखी माणसासाठी मागितलेलं गाणं ऐकतेय.

१९९५ ला सुटका झाल्यावर ती शनिवार-रविवारी फाटकाआडून टेबलावर उभी राहून बोलायची, तेव्हा तुम्ही गर्दीत होतात. लोक प्रश्न लिहून पेटीत टाकायचे. तुम्ही काय लिहिलं होतंत ते विचारलं तर हसलात आणि विषय बदललात.

२७ मार्च विसरता येत नाही. राजधानी नेपिडोला लष्कर दिनाची परेड आणि रस्त्यात गोळ्या. त्या एका दिवसात शंभराहून जास्त माणसं मेली. रात्री तुम्ही सांगितलंत की हीच तारीख तिच्या नवऱ्याची. मायकल एरिस १९९९ ला याच दिवशी गेले, त्यांच्या ५३ व्या वाढदिवशी. त्यांना व्हिसा दिला नाही. लष्करवाले तिला म्हणाले, तू जा की भेटायला. गेली असती तर परत येऊ दिलं नसतं. गेली नाही. हे सांगताना तुम्ही रेडिओचा आवाज कमी केला होतात.

त्या परेडला आठ देशांचे प्रतिनिधी होते. त्यांत आमचाही होता. हे मी तुम्हाला तेव्हा बोललो नाही, लाज वाटली. तिची आई दिल्लीत राजदूत होती, ती स्वतः दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजात शिकली, आम्ही तिला १९९३ सालचा नेहरू पुरस्कार दिला, आणि नंतर सीमा, गॅस, चीन असा हिशेब मांडून सेनापतींना चहा पाजू लागलो. हिशेब चुकीचा होता असंही म्हणवत नाही. पण पुरस्कार देताना टाळ्या वाजवणारे हातही आमचेच होते.

तुमच्याशी एकदाच वाजलं, ते लष्कराने हाकललेल्या रोहिंग्या मुसलमानांवरून. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ती त्याच सेनापतींच्या बाजूने उभी राहिली, असं मी म्हणालो. तुम्ही रागावलात, दोन दिवस मोहिंगा, तो माशाच्या रश्श्यातल्या शेवयांचा वाडगा, आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. वाडगा ठेवताना तुम्ही म्हणालात, “आई चुकत नाही असं कोण म्हणतं?” मी अजूनही माझ्या म्हणण्यावर आहे. वाडगा मात्र चाटूनपुसून संपवला होता.

आज साडेतीन महिने झाले तिला. पंचाहत्तर वर्षांची बाई, आरोप वॉकीटॉकीचा, आणि वकील भेटतात ते पडद्यावर. या वेळी तिच्याजवळ रेडिओ आहे का, हा प्रश्न तुम्ही रोज विचारायचात. मला विचारून काय उपयोग होता? तरी विचारायचात.

मी रत्नागिरीचा, हे पहिल्या दिवशी कळलं तेव्हा तुम्ही “यदनागिरी!” म्हणून ओरडलात आणि भाडं कमी केलंत. थिबा, तुमचा शेवटचा राजा, इंग्रजांनी इथे आणून ठेवलेला. थिबा पॅलेसला आम्ही शाळेच्या सहलीला जायचो, डबा खायला. बाहेर पडायची परवानगी नसलेल्या राजाचं घर म्हणजे आमच्यासाठी डबा खायची जागा. १८८६ पासून १९१६ पर्यंत तो माणूस या गावात बसून राहिला आणि इथेच संपला. मांडवीवर भेळ खाणाऱ्या आम्हाला त्याचं काय?

निघायच्या आदल्या रात्री मी रेडिओ परत केला. तुम्ही घेत नव्हतात. तुम्हालाच जास्त लागेल, असं म्हणून ठेवला. रबरबँड बदलून दिलाय, दुधाच्या पिशवीचा जाड. थिबा राजाच्या समाधीवर फुलं ठेव, एवढंच तुम्ही मागितलं होतंत. वादळात दारचा सोनचाफा निम्मा मोडला, पण खालच्या फांदीला कळ्या आहेत असं आई सांगत होती. शुक्रवारी क्वारंटाईन संपतंय. शनिवारी जातो.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा