पलंग आणि ओवी

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुमचं दोघांचं ज्ञानेश्वरीवरून पुन्हा जुंपलं. बाबा म्हणाले, "दृष्टांत म्हणजे पुरावा नव्हे." आई, तू गप्पच झालीस. तेव्हापासून मनात घोळतंय ते लिहिते.

सध्या आम्हाला ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाचा दहावा भाग चालू आहे. कविता आणि तत्त्वज्ञान यांचं भांडण जुनंच आहे, असं तो सुमारे 2400 वर्षांपूर्वी लिहून गेला. आणि बाबा, उदाहरण घेतलंय पलंगाचं! खरा पलंग म्हणजे पलंगाचं मूळ रूप, देवानं केलेलं. त्यावरून सुतार लाकडाचा पलंग करतो. चित्रकार त्या पलंगाचं नुसतं दिसणं उतरवतो, आणि कवीही त्याच्याच रांगेत, सत्यापासून दूर. वाचताना तुमचा रंधा, सागाच्या ढलप्या, पाय खाचेत नीट बसतोय का ते पुन्हापुन्हा बघणं, सगळं डोळ्यांपुढे आलं. प्लेटोनं तुम्हाला कवीच्या वर बसवलं याचा आनंदही झाला.

मग आजीचा शेवटचा महिना आठवला. रात्री ती कूस बदलायची आणि पलंग करकरायचा. तिच्या कपाळावर हात ठेवून आई, तू मला म्हणालीस, "हा पलंगही जागाच आहे गं आपल्याबरोबर." त्याची लांबी-रुंदी मला बाबांमुळे पाठ आहे, पण त्या रात्रींत तो आपला कोण होता, हे तुझ्या वाक्यानं कळलं. ते वाक्य सत्यापासून दूर आहे, हे मी मानणार नाही.

प्लेटोलाही ते जड गेलं असावं. ग्रीक महाकवी होमरवर आपलं लहानपणापासून प्रेम आहे, असं तो त्याच्या गुरूच्या, सॉक्रेटिसच्या तोंडून वदवतो. कवितेनं आपली बाजू मांडली तर तिला आनंदानं परत घेऊ, असंही म्हणवतो. आणि एवढा मोठा ग्रंथ संपवतो कशानं? मरून परत आलेल्या एर नावाच्या सैनिकाच्या गोष्टीनं! ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये नेवाशाला गीता उलगडताना कविता आणि तत्त्वज्ञान यांच्यात ही भिंत घातलीच नाही.

बाबा, "कशावरून?" विचारायची सवय मला तुमच्यामुळेच लागली आणि ती सुटायची नाही. पण तर्कानं तपासायचं, तर आधी हाती काहीतरी यावं लागतं. ते दृष्टांत आणून देतो.

दिवाळीत येते. आई, सहावा अध्याय तुझ्या तोंडून ऐकायचाय. बाबा, मध्ये जरूर थांबवा, फक्त ओवी पुरी होऊ द्या. आणि पलंगाचा उशाकडचा पाय हलतोय म्हणालात, तो एकट्यानं काढू नका. मी आल्यावर धरते.

तुमची,
धाकटी