आर्गाइलच्या पाण्याखालचा मुलूख

माननीय संपादक,

ऑस्ट्रेलियाच्या सहलीवर मराठीत बरेच लिहिले जाते. त्यात आउटबॅकमधील, म्हणजे तिथल्या विरळ वस्तीच्या दुर्गम भागातील, मानवनिर्मित जलाशयांचा उल्लेख मात्र क्वचितच असतो, म्हणून हे पत्र. आम्ही पर्थला राहतो. गेल्या जुलैत माझे वडील साताऱ्याहून आले असताना आम्ही वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याच्या ईशान्य टोकाला असलेल्या कनुनुरा गावी गेलो आणि तिथून सुमारे ७० किलोमीटरवरच्या आर्गाइल सरोवरावर एक दिवस काढला.

तांबड्या डोंगरांच्या चिंचोळ्या खिंडीत ऑर्ड नदी अडवणारी भिंत जेमतेम ३३५ मीटर लांब आहे, आणि तिच्यामागचा फुगवटा मात्र जवळपास १००० चौरस किलोमीटरवर पसरतो. लाँचवरच्या मार्गदर्शकाने सिडनी बंदराच्या वीसपटींहून अधिक पाणी येथे असल्याचे सांगितले, तेव्हा वडिलांनी लगेच विचारले, "टीएमसीत किती?" हिशेब केला तर सुमारे ३८०, म्हणजे तीन उजनी भरूनही उरेल एवढे! पावाचा तुकडा धरला की पाण्यातून अचूक पिचकारी मारणारे मासे, खडकावर निपचित पडलेल्या गोड्या पाण्यातल्या मगरी, बेटे म्हणून उरलेले डोंगरमाथे, हे सारे पाहण्याजोगेच आहे.

तथापि दिवसभरात एक गोष्ट खटकली. धरणाचे उद्घाटन १९७२ मध्ये झाले, त्याआधी ड्युरॅक या पशुपालक कुटुंबाचे दगडी घर बुडू नये म्हणून ते दगड दगड सुटा करून हलवण्यात आले. आज ते उंचावर पुन्हा उभे असून संग्रहालय म्हणून दाखवले जाते, आणि ते जपले याचा आनंदच आहे. परंतु ज्यांचा हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्यांचा, त्या मिरिवुंग आणि गजेरोंग लोकांची पवित्र स्थळे पाण्याखाली गेली, त्यांना कोणी विचारलेही नव्हते, आणि लाँचवर त्यांच्या वाट्याला एकच वाक्य आले. ज्या कापसाच्या भरवशावर ऑर्डची सिंचन योजना सुरू झाली, तो तर किडीमुळे १९७४ मध्येच सोडून द्यावा लागला. (मगरींच्या संख्येवर मात्र दहा मिनिटे गेली.)

माझ्या आजीचे गाव कोयनेच्या शिवसागरात गेले. ती काठावर उभी राहून पाण्यातल्या नेमक्या जागेकडे बोट दाखवत असे, देऊळ इथे, खळे तिथे. वडिलांनी मार्गदर्शकाला तसेच विचारले, की या लोकांची ठिकाणे नेमकी कुठल्या बाजूला होती. त्याला ते ठाऊक नव्हते.

आपल्या पर्यटन पुरवणीत कधी आर्गाइलवर लेख आला, तर मिरिवुंग आणि गजेरोंग ही दोन नावे त्यात यावीत, एवढी विनंती.

आपली एक वाचक,
पर्थ, ऑस्ट्रेलिया