पाटीवरचे नाव आणि मागचा ताबा

देवगड

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

वाशीच्या बाजारातून आलेल्या आंबाविक्रीच्या पट्टीतले पैसे तू कणकवलीत नव्याने उघडलेल्या त्या शेअर कार्यालयात गुंतवणार आहेस, हे कळल्यावर उत्तर लांबवणे मला बरे वाटले नाही. तिथला माणूस आपल्या ओळखीचा आहे, गोड बोलतो, हे मान्य. परंतु तो केवळ ग्राहक आणून देतो. तुझे पैसे आणि शेअर ज्या ब्रोकरच्या हाती जाणार, त्याच्यावर खरा ताबा कोणाचा, याविषयी तू एक अक्षरही लिहिलेले नाहीस.

ब्रोकरची सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. हैदराबादची कार्वी स्टॉक ब्रोकिंग ही ब्रोकर कंपनीही नोंदणीकृतच होती. ग्राहकांच्या मुखत्यारपत्राचा गैरवापर करून त्यांचे शेअर तिने आपल्या डिमॅट खात्यात (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याच्या खात्यात) वळवले, ते स्वतःचेच असल्यासारखे बँकांकडे गहाण ठेवून कर्ज उचलले, आणि एप्रिल २०१६ ते ऑक्टोबर २०१९ या काळात १,०९६ कोटी रुपये कार्वी रिअल्टी या समूहातील कंपनीकडे गेल्याचे सेबीच्या २२ नोव्हेंबर २०१९च्या आदेशात नमूद आहे. शेअर घेणाऱ्या ग्राहकाचा जमिनीच्या धंद्याशी काय संबंध? संबंध इतकाच, की दोन्हींमागे मालक तेच होते. म्हणूनच ब्रोकरचे प्रवर्तक, म्हणजे कंपनीमागचे खरे मालक, कोण आणि त्यांचे दुसरे धंदे कोणते, हे आधी विचारावे असे मी म्हणतो.

काही वेळा तर खरा सूत्रधार कागदावर कुठेच नसतो. शेअर दलाल केतन पारेख यांच्यावर पूर्वी शेअर बाजारात व्यवहार करण्यास १४ वर्षांची बंदी होती. जानेवारी २०२५मध्ये सेबीने अंतरिम आदेशात त्यांच्यावर इतरांच्या खात्यांतून व्यवहार घडवून आणल्याचा ठपका ठेवला.

आता तुझ्या खाते उघडण्याच्या फॉर्मविषयी. तू पाठवलेल्या प्रतीत मोबाइल आणि ईमेलच्या रकान्यांत त्या एजंटचाच क्रमांक आणि त्याचाच पत्ता आहे. म्हणजे डिपॉझिटरीचे (शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे) संदेश, ओटीपी, मासिक विवरण, सगळे त्याच्याकडे जाणार, आणि तुझ्या खात्यातून शेअर निघाले तरी तुला पत्ता लागणार नाही. हे मला सर्वांत धोक्याचे वाटते. शिवाय तो दरमहा ठरलेल्या परताव्याची हमी देतो आहे. अशी हमी देण्याची ब्रोकरला मुभाच नाही.

तो फॉर्म परत माग, दोन्ही रकाने आपल्या हाताने भर, आणि त्याच्या वैयक्तिक खात्यावर एक रुपयाही पाठवू नकोस. ब्रोकरचा सेबी नोंदणी क्रमांक मला कळव, म्हणजे त्याच्यावरचे जुने आदेश मी इथून शोधून ठेवतो. तोवर सही करू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक