खोदाईचे एकच वेळापत्रक हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की सांगली-मिरज-कुपवाडमध्ये रस्ते, पाइपलाइन, केबलची कामे निघतात. नवाकोरा डांबरी रस्ता पुन्हा फोडला गेला की बोल ठेकेदाराला लागतो. खरा घोळ बहुतेक वेळा कामांच्या क्रमात असतो. पाणीपुरवठा, ड्रेनेज, बांधकाम, महावितरण, केबल कंपन्या, प्रत्येकाची निविदा वेगळी आणि मुदतही वेगळी. महापालिकेने या सर्वांना एकाच सामाईक वेळापत्रकावर आणावे, अशी आमची मागणी आहे.

गल्लीतला क्रम साधा आहे. सर्वांत खोल ड्रेनेज, त्याच्या वरच्या पातळीवर आणि बाजूला अंतर राखून पाण्याची लाइन, मग केबल, शेवटी रस्ता. घोडे अडते ते ‘काम पूर्ण’ या शेऱ्यापाशी. पाइप पुरून मोजमाप पुस्तकात नोंद झाली की पाणीपुरवठ्याच्या लेखी काम संपते. त्या भरवशावर डांबर पडते आणि मग घरोघरची कनेक्शने नव्या लाइनवर घेण्यासाठी दर दारासमोर आडवा चर खणला जातो. म्हणून दाबचाचणी (पाण्याचा दाब देऊन गळती तपासणे) झाली, कनेक्शने फिरवली, जुनी लाइन बंद केली आणि चर नीट भरला, या चारही गोष्टी झाल्याशिवाय ‘पूर्ण’ लिहायचे नाही, हे सर्व विभागांनी आधी मान्य करावे. पुढच्या केबलसाठी रस्ता करतानाच ठरावीक अंतरावर आडवे रिकामे पाइप टाकून ठेवावेत.

चर भरण्याला वेळापत्रकात स्वतंत्र ओळ आणि स्वतंत्र दिवस हवेत. आपली कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. उकरलेली तीच माती परत लोटली तर रस्ता खचणारच. मुरूम 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांनी टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर दाबायचा असतो. दीड मीटर खोल चराला असे आठ-दहा थर लागतात. दिवस राखून ठेवले नाहीत, तर आधीच्या कामाचा उशीर नेमका इथे भरून काढला जातो.

तारखा जूनपासून मागे मोजत ठरवाव्यात. पावसात डांबर टाकता येत नाही. काँक्रीट असेल तर साधारण 28 दिवस वाहतूक सोडू नये, म्हणजे ते मेच्या सुरुवातीपर्यंत पडायला हवे. त्याआधीची भूमिगत कामे कधी संपली पाहिजेत हे मग आपोआप कळते. कोणते काम एक दिवस लांबले की सगळा रस्ता एक दिवस लांबतो, हे शोधण्याची ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत 1950च्या दशकापासून वापरात आहे.

यासाठी महागडे सॉफ्टवेअर नको, सर्वांना दिसणारी एक ऑनलाइन शीट पुरे. तिच्यात कामाचा क्रमांक, रस्ता कुठून कुठे, कोणत्या कामानंतर सुरू करायचे, आरंभ, अखेर, अडचण आणि एकाच अभियंत्याचे नाव असावे. दोन नावे लिहिली की कोणीच जबाबदार उरत नाही. दर सोमवारी अर्धा तास सर्व विभागांनी एकत्र बसून फक्त अडलेल्या ओळी पाहाव्यात. तारीख बदलण्याचा अधिकार शहर अभियंत्यांकडेच असावा. व्हॉट्सअॅपवर परस्पर तारखा बदलल्या किंवा प्रत्येकाने आपली प्रत उतरवून घेतली, तर पंधरवड्यात शीट कुचकामी होईल. गळतीसारखी तातडीची खोदाई वगळावी, मात्र तिची नोंद त्याच दिवशी व्हावी.

केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू केले. खोदाईपूर्वी जमिनीखालच्या केबल-पाइपांच्या मालकांना कळवण्यासाठी ते चांगलेच आहे, पण कोणी आधी खोदायचे हे ते ठरवत नाही. तो निर्णय महापालिकेलाच घ्यावा लागेल. येत्या हंगामात निदान एका प्रभागात सुरुवात करावी, ऑक्टोबरअखेर सर्व विभागांच्या कामांची यादी एकत्र करावी आणि वेळापत्रक प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावे, ही विनंती.

— स्थापत्य क्षेत्रातील काही नागरिक, विश्रामबाग, सांगली