फिनिक्स सोडून टूसॉनला का जाते आहे

टेंपी (फिनिक्सजवळ), ॲरिझोना, अमेरिका

तीर्थरूप बाबा व सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मी खुशाल आहे. जेवण, झोप, कामाच्या वेळा यांत सांगण्यासारखा बदल नाही आणि ते सारे तुम्हाला फोनवर कळतेच. तरीही हे पत्र मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण रविवारी फोन ठेवताना बाबा "बरं, तुझं तू ठरव" असे म्हणाले आणि बाबा असे केव्हा म्हणतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. फिनिक्सजवळची जास्त पगाराची नोकरी नाकारून मी टूसॉनच्या विद्यापीठातली नोकरी घ्यायचे ठरवले आहे. हा निर्णय घाईने किंवा कोणाला टाळण्यासाठी घेतलेला नाही, एवढे आधी सांगते. बाकीचे सावकाश वाचा आणि काकांनाही दाखवा.

काकांचे म्हणणे असे की दोन्हीकडे वाळवंटच, मग मोठे शहर सोडून लहान शहरात जायचे कशाला. दोन्ही एकाच वाळवंटात आहेत आणि मोटारीने दोन तासांच्या आत, सुमारे 180 किलोमीटरवर आहेत, हे खरे. पण फिनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे 330 मीटरवर, एका सपाट खोऱ्यात पसरलेले आहे आणि टूसॉन सुमारे 730 मीटरवर, डोंगरांच्या मध्ये आहे. एवढ्याने उन्हाळ्यातल्या दुपारी तीनेक अंशांचा फरक पडतो. आपल्या मे महिन्यात वाढलेल्या मुलीला दुपारचे काही वाटत नाही; मला जड जातात त्या फिनिक्सच्या रात्री. 2023 च्या जुलैत तिथे पारा सलग 31 दिवस 43 अंशांच्या वर गेला होता आणि सलग 16 दिवस रात्रीसुद्धा 32 अंशांच्या खाली उतरला नव्हता, कारण दिवसभर तापलेले डांबर आणि काँक्रीट रात्रभर ती उष्णता बाहेर टाकत राहते. गच्चीवर अंथरूण टाकण्याचा प्रश्नच नाही. टूसॉनलाही ऊन आहेच, पण तिथल्या जुन्या घरांवर अजून आपल्यासारखे पाण्याचे कूलर दिसतात आणि कोरड्या हवेत ते चालतात. पावसाची दमट हवा सुरू झाली की आपल्या कूलरची जी गत होते तीच त्यांचीही होते, हे बाबांना सांगायला नको.

आता पाणी. बाबा, तुम्ही विचारलेला हा एकच प्रश्न मला मनापासून योग्य वाटला. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे 12 एप्रिल 2016 रोजी लातूरला आली, त्या उन्हाळ्यात आपल्या घरी घागरींचा हिशेब ठेवला जात असे आणि ती सवय माझी अजून गेलेली नाही. लातूरच्या लेकीने वाळवंटात घर करावे याचे लोकांना हसू येणारच. फिनिक्सला वर्षाला सरासरी 180 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि टूसॉनला सुमारे 270, म्हणजे दोन्ही मिळूनसुद्धा आपल्या बऱ्या वर्षाची बरोबरी होणार नाही. तरीही नळ बारा महिने चालू असतो, कारण कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे 540 किलोमीटर लांबीच्या कालव्याने, वाटेत पंपांनी उचलत उचलत, आधी फिनिक्सला आणि मग टूसॉनपर्यंत आणले जाते. फिनिक्सला याखेरीज सॉल्ट आणि व्हर्डी या नद्यांवरची धरणेही आहेत, त्यामुळे केवळ कागदावर पाहिले तर पाण्याच्या बाबतीत फिनिक्सच सरस ठरते, हे मी लपवत नाही.

पण टूसॉनने पाण्यासाठी जे केले ते मला अधिक पटते. 1992 मध्ये कालव्याचे पाणी तिथे थेट नळांना सोडले, तेव्हा जुन्या वाहिन्यांमधला गंज सुटून घरोघरी तांबडे पाणी येऊ लागले. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की 1994 मध्ये तो पुरवठा बंद करावा लागला आणि 1995 मध्ये मतदान घेऊन ते पाणी तसे थेट देण्यास मनाई झाली. त्यानंतर शहराच्या पश्चिमेकडच्या एका खोऱ्यात मोठे उथळ तलाव करून कालव्याचे पाणी त्यांत सोडले. तिथे ते जमिनीत मुरते, खालच्या भूजलात मिसळते आणि मग विहिरींतून उपसून शहराला दिले जाते. ज्या वर्षी गरजेपेक्षा जास्त पाणी मिळते, त्या वर्षीचे जमिनीत शिल्लक राहते. शिवाय 2008 च्या नियमानुसार तिथल्या नव्या व्यापारी इमारतींनी आवारातल्या झाडांना लागणारे निम्मे पाणी पावसाच्या साठवलेल्या पाण्यातूनच द्यायचे असते. बाबा, पाणी अडवण्याच्या आणि मुरवण्याच्या गोष्टी आपल्याकडे सभांमधून ऐकल्या, इथे त्यांवर एक अख्खे शहर पाणी पिते आहे. नदीच आटली तर काय, असे तुम्ही विचाराल. 2021 च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोवर पहिल्यांदा अधिकृतपणे टंचाई जाहीर झाली, तेव्हा पुढच्या वर्षाच्या कपातीचा मोठा भार या दोन शहरांच्या मधल्या कापूस आणि चारा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवर पडला, शहरांचे नळ चालूच राहिले. हे काही मी अभिमानाने सांगत नाही. शेतकऱ्याच्या घरातून येऊन शहराच्या नळाचे पाणी पिणाऱ्या माणसाला जे वाटायचे ते वाटते.

आई, मागे व्हिडिओ कॉलवर खिडकीबाहेर जांभळा उजेड हलताना पाहून तू चोर आले म्हणून घाबरली होतीस आणि मी विषय टाळला होता. तो चोर नव्हता, शेजारचे निवृत्त गृहस्थ विंचू शोधत होते. विंचवावर अतिनील प्रकाश पडला की तो हिरवट-निळा चमकतो. म्हणून इथे खिळेमोळे विकणाऱ्या दुकानातही तसली बॅटरी मिळते, आणि उन्हाळ्यात अंधार पडला की चांगली शिकली-सवरलेली माणसे ती घेऊन आपापल्या आवारात भिंतींच्या कडेकडेने फिरतात, कोणाकडे किती निघाले याच्या गप्पा मारतात आणि जवळ लांब चिमटा बाळगतात. इथला विंचू भिंत चढतो आणि फळीच्या खालच्या अंगाला उलटा चिकटून बसतो, म्हणून जमिनीबरोबर भिंतीवरही उजेड मारायचा. नुकतीच कात टाकलेला विंचू नीट चमकत नाही, म्हणून एकदा पाहून झाले की काही दिवसांनी पुन्हा पाहायचे. गुळगुळीत काचेवर मात्र त्याला चढता येत नाही, म्हणून तान्ह्या बाळाच्या पाळण्याचे पाय काचेच्या बरण्यांत ठेवतात. आपल्याकडचे विंचूही असेच चमकतात, आपण तसली बॅटरी घेऊन कधी पाहिले नाही एवढेच. तू काळजी करू नकोस. धडधाकट माणूस याच्या दंशाने सहसा दगावत नाही आणि इथे त्यावर विष उतरवणारे इंजेक्शनही आहे. आपल्या जालना जिल्ह्यातून कोकणात गेलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ज्या लाल विंचवाच्या दंशावर उपचार शोधला, तो याहून कितीतरी घातक. मी जोडे झटकूनच घालते. आणि विंचू दोन्ही शहरांत आहेत, तेव्हा निवडीत तो मुद्दाच येत नाही.

टूसॉनच्या रस्त्यांवर रात्री उजेड कमी असतो, ही तुझी तक्रार मात्र बरोबर आहे. जवळच्या डोंगरांवर मोठ्या वेधशाळा आहेत, म्हणून तिथे 1972 पासून बाहेरच्या दिव्यांवर निर्बंध आहेत. दिव्यांना वरून झाकण असते आणि उजेड खालीच पडतो. मी ज्या विद्यापीठात जाणार आहे तिथे फुटबॉलच्या स्टेडियमखाली 8.4 मीटर व्यासाचे दुर्बिणीचे आरसे घडवतात. माझे काम तिथे नसले तरी तशाच काचांशी संबंधित आहे. खोली विद्यापीठाला लागून घेते आहे आणि अंधारात एकटी हिंडणार नाही.

आता पगाराचे. टूसॉनचा पगार जवळपास एक चतुर्थांशाने कमी आहे, हे काकांनी बरोबर ओळखले. पण खाजगी कंपनीत एच-वन-बी, म्हणजे इथे नोकरी करण्यासाठी लागणाऱ्या, व्हिसासाठी दरवर्षी सोडत निघते आणि त्यात नाव लागले नाही तर पगार कितीही असो, बाड-बिस्तरा आवरून परत यावे लागते. विद्यापीठाला ती सोडत लागू नाही. घरभाडेही तिथे कमी आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता एकदाही चुकणार नाही. वरच्या मजल्याचे बांधकाम मात्र यंदा थांबवावे लागेल आणि नवीन बोअर घेण्याचाही बाबांनी थोडा पुन्हा विचार करावा. हे लिहिताना मला संकोच वाटतो आहे, कारण त्या दोन्ही गोष्टींचा शब्द मीच दिला होता.

उदगीरच्या स्थळाबद्दल. मुलगा फिनिक्सजवळच्या चँडलरला राहतो आणि मी त्याच्यापासून दूर जाण्यासाठी शहर बदलते आहे असे आत्याने सगळीकडे सांगितल्याचे कळले. तसे नाही. ज्याला भेटायचे आहे त्याला दोन तासांचा रस्ता काही अवघड नाही, मी त्याला भेटायला तयार आहे आणि तसे तुम्ही त्यांच्याकडे कळवा. होकार मात्र आताच कळवू नका.

आणि धाकटीचे लग्न. व्हिसा बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर गेले तर तो अर्ज सोडून दिला असे धरतात, त्यामुळे वैशाखात मला येता येणार नाही. मी वकिलाकडून दोनदा खात्री करून घेतली आहे, तिसऱ्यांदा विचारायला सांगू नका. थोरलीच्या आधी धाकटीचे लग्न, आणि त्यातही थोरली गैरहजर, म्हणून तुम्हाला चार लोकांत काय ऐकावे लागेल याची मला कल्पना आहे. मांडवाचा आणि जेवणाचा खर्च मी देणार हे ठरलेलेच आहे; त्यातला पहिला भाग या आठवड्यात बाबांच्या खात्यावर येईल.

आजीस नमस्कार, धाकटीस अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुमची लेक

ता. क. धाकटीची पैठणी माझ्याकडून. पैठणला जाऊनच घ्या आणि तिच्या पसंतीची घ्या. त्याचे पैसे वेगळे पाठवले आहेत, ते मांडवाच्या खर्चात मिसळू नका.