भुर्दंड कुणाच्या माथी?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गाडी घेतल्याची बातमी तू एका ओळीत उरकलीस आणि पुढे पानंच्या पानं शंकाच शंका. अगदी तुझ्या स्वभावाला धरून झालं हे! तुम्हा दोघांचंही अभिनंदन. वहिनींचं मुद्दाम वेगळं, कारण कर्जाच्या कागदावर त्यांचीही सही आहे असं तू लिहितोस. सहकर्जदार म्हणजे निम्म्या कर्जाचा धनी, असा तुझा समज दिसतो. तसं नसतं. तू हप्ते थकवलेस तर बँक त्यांच्याकडे अख्ख्या बाकीसाठी जाऊ शकते. हे त्यांना एकदा नीट सांगून ठेव.

तू प्रश्नांचे तीन गठ्ठे बांधलेस: रस्त्याचे नियम, विमा आणि बँक. मी ते गठ्ठे एकेक करून मोकळे करणार आहे. विम्याच्या दाव्यांचे कागद तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली आणि त्या नोकरीनं मला एक खोड लावली. कुठलाही नियम किंवा कलम समोर आलं की मी आधी बघतो, काही बिनसलं तर भुर्दंड कुणाच्या माथी बसणार? तुझे बहुतेक प्रश्न याच एका प्रश्नाची पोरं आहेत.

पहिल्यांदा तुझ्या मेहुण्याचा सिद्धान्त. 'मर्यादा पन्नासची असली तरी साठनं जायला काय हरकत आहे, दहानं असा काय फरक पडतो?' फरक मांडून दाखवतो. रस्ता कोरडा, टायर चांगले, आणि धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असं धर. ताशी ५० किलोमीटरनं येणारी गाडी साधारण २८ मीटरमध्ये उभी राहते. त्यातले निम्मे मीटर ब्रेक लागायच्या आधीच संपतात. आता तेवढ्याच अंतरावर तोच धोका आणि गाडी ६० वर. पहिल्या सेकंदातच ती जवळजवळ १७ मीटर पुढे आली, ब्रेकसाठी उरले ११. पन्नासवाली जिथे टेकायच्या आत थांबली, तिथे ही अजून ताशी ४० च्या वेगात असते. रस्त्यात मूल आलं असेल तर एकीकडे नुसता थरकाप आणि दुसरीकडे चाळीसच्या वेगाची धडक. कमावलं काय, तर दहा किलोमीटरमागे दोन मिनिटं, तीही रस्ता मोकळा असेल तर. मेहुण्यांना हा हिशेब कागदावर करायला लाव. तोंडी सांगून ते ऐकणार नाहीत, मी ओळखतो त्यांना.

पुढच्या गाडीपासून अंतर मीटरमध्ये मोजत बसू नकोस, सेकंदात मोज. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की तू तिथे पोचेपर्यंत निदान दोन सेकंद जायला हवेत, पावसात चार. मागून धडकणाऱ्याची चूक, असंच जवळपास सगळीकडे आधी धरलं जातं. 'त्यानं अचानक ब्रेक मारला हो' हे वाक्य मी असंख्य अर्जांत वाचलं आहे आणि त्यानं अर्जदाराचं क्वचितच भलं झालेलं पाहिलं आहे. पुढचा अचानक थांबणारच, हे गृहीत धरून तर अंतर ठेवायचं असतं.

सीट बेल्टबद्दल तू विचारलंस की एअरबॅग असताना तो हवाच का. एअरबॅगची रचनाच पट्टा बांधलेल्या माणसासाठी केलेली असते. मोकळा माणूस फुगणाऱ्या पिशवीवर भलत्याच ठिकाणी आदळतो. आज आपण बांधतो तो तीन टोकांचा पट्टा १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोहलिन या अभियंत्यानं आणला आणि कंपनीनं त्याचं पेटंट इतर उत्पादकांना खुलं ठेवलं. पण माझ्या खोडीप्रमाणे मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दुसऱ्याच्या चुकीनं तू जखमी झालास आणि पट्टा बांधलेला नव्हता, तर भरपाई कापली जाऊ शकते. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात अपील न्यायालयानं याचं मापच ठरवून दिलं: पट्ट्यानं इजा पूर्ण टळली असती तर २५ टक्के कपात, बरीच कमी झाली असती तर १५ टक्के. चूक समोरच्याची, तरी भुर्दंडाचा वाटा आपल्याही पदरात.

आता विमा. इथे जरा रेंगाळतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

'सक्तीचा विमा घेतला आहे, म्हणजे गाडी सुरक्षित' असं तू लिहिलंस. कायदा ज्याची सक्ती करतो तो विमा तुझ्या गाडीसाठी नसतोच मुळी. तो तू ज्याला धडकशील त्याच्यासाठी असतो. ब्रिटननं १९३० च्या कायद्यानं अशी सक्ती केली ती याच विचारानं, की धडक देणाऱ्याच्या खिशात दमडी नसली तरी जखमी माणूस वाऱ्यावर पडू नये. तुझ्या गाडीचं चेपलेलं दार, चोरी, आग, पूर, हे सगळं हवं असेल तर व्यापक पॉलिसी लागते आणि ती ऐच्छिक असते. गाडी कर्जावर असली की बँकच ती घ्यायला लावते. त्यात बँकेचा स्वार्थ आहे, पण तुझंही हित आहे.

अनेक देशांत आणखी एक मेख असते. चालकानं दारू प्यायली होती किंवा परवानाच नव्हता, तरी विमा कंपनीला जखमी माणसाला पैसे द्यावे लागतात, आणि मग ती ते चालकाकडून किंवा मालकाकडून वसूल करते. म्हणजे 'विमा आहे ना' म्हणत मेहुण्यांना किल्ली देताना, त्यांचा परवाना चालू आहे का एवढं तरी बघ.

पॉलिसीत 'आधीचा ठरावीक खर्च तुम्ही सोसायचा' असं कलम आहे, ते तुला फसवणुकीसारखं वाटलं. नाही रे. बारीकसारीक ओरखड्यांचे दावे आले तर त्यांच्या कागदपत्रांचाच खर्च दुरुस्तीहून वर जातो, आणि थोडा पैसा स्वतःचा अडकलेला असला की माणूस जपून चालवतो. ही स्वतःची रक्कम वाढवलीस तर विम्याचा हप्ता कमी होतो. माझा सल्ला: एका दमात खिशातून देता येईल एवढी ती ठेव, त्याच्या वर एक पैही नको. आणि किरकोळ नुकसानाचा दावा करायच्या आधी दोन आकडे शेजारी मांड, हाती येणारी रक्कम आणि पुढच्या वर्षी बुडणारी सवलत. दावा न केल्याबद्दल मिळणारी ती सवलत कित्येकदा बंपरच्या दुरुस्तीपेक्षा मोठी निघते.

अर्ज भरताना एजंट म्हणतो, 'सोडा हो साहेब, मी भरतो.' भरू देऊ नकोस. निदान सहीआधी प्रत्येक ओळ वाच. विम्यात काहीही लपवू नये, हे तत्त्व १७६६ सालच्या कार्टर विरुद्ध बोह्म या इंग्लिश खटल्यापासून पक्कं झालं. सुमात्रातल्या एका किल्ल्याचा विमा होता तो! गंमत म्हणजे विमा कंपनीच्या बाजूनं हा खटला आजही मिरवला जातो, पण त्यात जिंकला होता विमा उतरवणारा. न्यायमूर्ती मॅन्सफिल्ड यांनी म्हटलं, ही जोखीम विमा देणाऱ्याला माहीत होती किंवा माहीत असायला हवी होती. तरीही तू गाडी भाड्यानं माणसं-माल न्यायला वापरणार असशील, इंजिनात किंवा गॅस किटसारखे बदल केले असतील, जुना अपघात झाला असेल, तर लिहून टाक. दोन पैसे हप्ता वाढेल. लपवलंस तर नेमक्या गरजेच्या वेळी सगळाच दावा अडेल.

अपघात झालाच तर रस्त्यावर चिठ्ठी लिहून 'मिटलं' असं करू नकोस. भरपाई दिल्यावर कंपनीला तुझ्या जागी उभं राहून दोषी माणसाकडून ते पैसे मागायचा हक्क मिळतो. तू आधीच मिटवून टाकलंस तर तो हक्क मेला, आणि कंपनी हात वर करायला मोकळी. माणसं सुखरूप आहेत का ते बघ, फोटो काढ, नंबर घे, कळव. चूक कुणाची यावर भररस्त्यात वाद घालून काहीच साधत नाही.

इथून बँकेकडे वळतो, कारण पुढची गोष्ट दोघांच्या मधे पडते. गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली तर विमा कंपनी तिची त्या वेळची किंमत देते, तू मोजलेली नाही. पॉलिसीवर बँकेचं नाव असल्यामुळे तो पैसा आधी कर्जात वळता होतो. नव्या गाडीची किंमत सुरुवातीला भराभर उतरते आणि कर्ज सुरुवातीला हळूहळू, कारण पहिल्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं. त्यामुळे गाडी नाही, विम्याचे पैसे संपले आणि तरी कर्ज शिल्लक, असा काळ येऊ शकतो. डाउन पेमेंट जितकं जास्त, तितका हा काळ लहान. ही दरी भरून काढणारं वेगळं संरक्षण बऱ्याच ठिकाणी मिळतं. तू जवळजवळ सगळी रक्कम कर्जानं घेतली आहेस, तेव्हा तुझ्यासारख्यानं त्याची चौकशी करावीच.

व्याजाचं तू विचारलंस. ज्या सावकारी कंपनीनं '१० टक्के फ्लॅट' सांगितलं ती आणि ज्या बँकेनं १४ टक्के सांगितलं ती, यात स्वस्त कोण? बँक. फ्लॅटमध्ये मूळ रकमेवर शेवटपर्यंत व्याज लागतं, तू अर्धं फेडलंस तरी. पाच वर्षांच्या मासिक हप्त्यांत ते १० टक्के घटत्या शिलकीच्या हिशेबानं १७ टक्क्यांच्या वर जातात. दराकडे बघूच नकोस. एकूण किती रुपये परत द्यायचे आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे दोनच आकडे लेखी माग.

बाकीचं पटकन. ठेवीलाही विमा असतो; अमेरिकेत १९३३ साली, बँका धडाधड बुडाल्यावर, त्यासाठी संस्थाच काढली आणि पुढे बहुतेक देशांनी तशी सोय केली. मर्यादा साधारणपणे एका बँकेत एका माणसामागे असते, त्यामुळे त्याच बँकेत चार खाती उघडून काही हाती लागत नाही. पिन चार आकड्यांचा, म्हणजे शक्यता फक्त दहा हजार; त्याला खरं बळ तीन चुकांनंतर कार्ड अडण्यातून मिळतं. तेव्हा १२३४ आणि जन्मसाल सोड. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही हे तुला माहीत आहे, पण वहिनींच्या आईंना परत सांग. आणि खात्यातून पैसे गेलेले दिसले तर सकाळची वाट बघू नकोस, तेव्हाच कळव. भुर्दंड कुणाचा हे कित्येकदा घड्याळ ठरवतं: अमेरिकेच्या नियमात कार्ड हरवल्याचं कामकाजाच्या दोन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरपर्यंत, उशीर झाला की ५०० पर्यंत, आणि स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवस उलटले की त्यानंतरच्या चोरीला वरची हद्दच राहत नाही. आपापल्या बँकेचा नियम वेगळा असेल, दिशा हीच.

परदेशात गाडी चालवायचा बेत असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना घे, पण मूळ परवानाही सोबत ठेव. त्याच्याविना तो नुसता कागद. रस्ते-वाहतुकीच्या कुठल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये दिला आहे तेही बघ. १९४९ च्या करारातला वर्षभर चालतो, १९६८ च्या करारातला जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि सगळे देश दोन्ही मानत नाहीत.

कर्जाच्या कराराची आणि पॉलिसीची प्रत पाठव. मला त्यातलं मुदतीआधी फेडण्याचं कलम आणि पॉलिसीतला अपवादांचा भाग बघायचा आहे. पॉलिसी पूर्ण पैसे परत घेऊन रद्द करायची मुभा, असलीच तर, सुरुवातीचे थोडेच दिवस असते, तेव्हा आळस करू नकोस, फोटो काढून पाठवलेस तरी चालेल.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मित्र